दोन वाजताची नोंद

मुकादमांनी दुसरा खिळा खड्ड्याच्या पूर्वेच्या भिंतीतल्या भेगेच्या उजव्या अंगाला अंगठ्यानेच दाबून बसवला, वर खुरपीच्या मुठीने दोन हलके ठोके दिले आणि ते बाजूला सरले.

"हं, आता मोज."

तिने वाकून एका खिळ्यापासून दुसऱ्या खिळ्यापर्यंत पोलादी पट्टी धरली आणि एक डोळा मिटला. अकरा सेंटिमीटर. बरोबर अकरा. भेग तशी डोळ्यांत भरण्यासारखी नव्हती. छातीच्या उंचीवर सुरू होऊन ती गुडघ्यापर्यंत उतरली होती आणि तिच्यात नखाचं टोक जेमतेम शिरत होतं. काल संध्याकाळी ती नव्हती.

"अकरा," ती म्हणाली.

"वेळ लिही. सकाळचे आठ. आता दर दोन तासांनी खाली उतरायचं, या दोन खिळ्यांतलं अंतर मोजायचं आणि वहीत मांडायचं. केसभर जरी वाढलं तरी आधी मला सांगायचं, मग साहेबांना. मी कुणाला खाली राहू देणार नाही."

"आणि नाही वाढलं तर?"

"तर भिंतीने आपली लाज राखली म्हणायचं."

चार नंबरचा हा खड्डा त्या उत्खननातला सगळ्यात खोल. साडेचार मीटर. शिडीवरून उतरताना भिंतीत एकाखाली एक थर दिसत जायचे. राखेचा पट्टा, पिवळी माती, जळलेल्या जमिनीची लाल रेघ, पुन्हा राख. एका शिडीत दोन हजार वर्षं, असं सर वर्गात म्हणायचे तेव्हा मुलं ते वहीत उतरवून घ्यायची. प्रत्यक्षात त्या शिडीला तेवीस पायऱ्या होत्या आणि वर येईपर्यंत मांड्या भरून यायच्या.

तिच्यासह विद्यार्थी बारा होते. सहा आठवड्यांचं प्रशिक्षण, शेवटचा आठवडा. सरांनी त्यांना पुस्तक शिकवलं, नकाशे शिकवले, पण हात शिकवला तो मुकादमांनी. एकतीस हंगाम हा माणूस वेगवेगळ्या साहेबांच्या हाताखाली माती उकरत आला होता. त्यातले तीन साहेब निवृत्त झाले, एक गेला, त्यांची जाडजाड पुस्तकं निघाली. पुस्तकाच्या शेवटी ज्यांचे आभार मानलेले असत त्यांत 'मजूरवर्ग' या एका शब्दात मुकादम असत. त्यांना वाचता येत नव्हतं. पण चिमूटभर माती तळहातावर घेऊन, थुंकीने ओली करून, अंगठ्याने पसरवून ते सांगायचे, ही चुलीजवळची, ही अंगणातली, ही पुराने आणून टाकलेली. महिन्याभराने प्रयोगशाळेचं उत्तर यायचं ते त्यांचीच री ओढत.

मुलांना ते 'पोरा', 'पोरी' म्हणत. तिचं नाव मात्र शिबिरात 'मिलिमीटर' पडलं होतं. बाकीचे एकदा मोजायचे तिथे ही तीनदा मोजायची. तंबूतल्या मैत्रिणी चेष्टा करायच्या की ही जेवतानासुद्धा घासाची लांबी-रुंदी टिपून ठेवत असेल. मुकादमांना हे आवडायचं. नवीन मुलं पट्टी तिरकी धरत तेव्हा ते म्हणायचे, "हिच्याकडून शिका. हिने सांगितलं की मी पुन्हा बघायला जात नाही."

त्या सकाळी सर खड्ड्याच्या काठावर येऊन उभे राहिले. हातात फाइल, कपाळावर आठ्या. दुसऱ्या दिवशी पाहणीसाठी समिती येणार होती आणि पुढच्या हंगामाची परवानगी तिच्या हातात होती.

"मुकादम, संध्याकाळपर्यंत पूर्वेची भिंत तासून हवी. उन्हं तिरपी झाली की फोटो घ्यायचेत."

मुकादम शिडी चढून वर आले. दम लागला होता तरी आधी बोलले ते भेगेचं.

"साहेब, भिंत फुगलीय. हात लावला की थंड लागते, आत ओल आहे. वरून भिंत दोन पायऱ्यांनी मागे कापून घेऊ. नाहीतर फळ्या तरी ठोकू."

"पायऱ्या काढल्या तर थरांचा छेद तुटतो. सलग फोटो मिळत नाही."

"मग फळ्या."

"फळ्या दिसतात." सर भिंतीकडे बघत होते, मुकादमांकडे नाही. "मातीला भेग जातेच हो. वाळली की जाते. तुम्हाला मी सांगायला हवं का?"

मुकादमांनी हातावरची माती झटकली. मग म्हणाले, "ठीक. पण पोरगी दर दोन तासांनी मोजणार. अंतर वाढलं तर कुणी खाली नाही. फोटो गेला तरी चालेल."

"हो हो, मोजा ना," सर म्हणाले आणि तंबूकडे वळले.

दहा वाजता ती उतरली. अकरा. बारा वाजता उतरली. अकरा. दोन्ही वेळा तिने पट्टी उलटी धरूनही मोजलं आणि मगच लिहिलं.

बारानंतर तिला छेदाचं रेखाटन पुरं करायचं होतं. आलेख कागदावर सतरा थर, प्रत्येकाची जाडी, प्रत्येकाचा उतार. समितीपुढे तेच टांगायचं होतं. ती तंबूत फळीच्या मेजावर वाकून बसली. कापडातून ऊन गाळून येत होतं आणि कागदाला घामाचे हात लागू नयेत म्हणून तिने मनगटाला रुमाल बांधला होता. अकराव्या थराची रेघ बाराव्यात कुठे विरते हे जुळता जुळत नव्हतं. घड्याळात दोन वाजून गेलेले तिला दिसले. शिडी आठवली. तेवीस पायऱ्या खाली, तेवीस वर, आणि उत्तर तर ठाऊकच होतं.

तिने वही ओढली आणि लिहिलं, 'दु. २.०० — ११.० सेंमी. बदल नाही.'

शाई वाळायच्या आत तंबूच्या दाराशी सावली पडली.

"पोरी, किती भरलं?"

"तेवढंच, काका."

"तेवढंच?"

"अकरा." तिने मान वर केली नाही. पेन्सिलीचं टोक रेघेवर होतं.

"बरं," मुकादम म्हणाले.

खाली भिंत तासायचं काम खरं तर विद्यार्थ्यांचं होतं. दोघांची पाळी होती. मुकादमांनी त्यांना काठावरच थांबवलं. म्हणाले, तुम्ही रेघ बिघडवाल, वरून बघा आणि शिका. मग ते एकटेच शिडी उतरले.

दोन वाजून चाळीस मिनिटांनी आवाज झाला. फार मोठा नव्हता. धान्याचं पोतं कुणी गाडीतून खाली सोडावं तसा. तिला वाटलं, चाळणीवरच्या बायकांनी ढिगारा लोटला. मग कुणीतरी ओरडलं आणि त्या ओरडण्यात शब्द नव्हता.

ती धावत काठाशी आली तेव्हा पूर्वेची भिंत नव्हती. खड्डा अर्धा झाला होता. धूळ अजून वर येत होती, सावकाश, जणू तिला कसली घाई नव्हती.

सहा आठवडे ज्यांना ब्रशने माती बाजूला करायला शिकवलं होतं ती बारा मुलं त्या ढिगाऱ्यावर फावडी घेऊन तुटून पडली. कुणीतरी कुदळ उचलली आणि मुकादमांची लेक, जी चाळणीवर काम करायची, ती किंचाळली, "कुदळ नको! लागेल त्यांना!" मग सगळे हातांनीच उपसू लागले. नखं फाटली. जी माती एरवी चिमटीने पिशव्यांत भरून वर क्रमांक घातले असते ती घमेल्याघमेल्याने मागे भिरकावली जात होती, त्यात खापरं होती, मणी होते, कुणी बघतही नव्हतं. सरही खाली उतरले होते. चष्मा पडला होता आणि ते आंधळ्यासारखे चाचपत एकच वाक्य म्हणत होते, "इथेच असतील, इथेच असतील."

एकोणीस मिनिटं लागली. तिने घड्याळ पाहिलं होतं. का पाहिलं ते तिलाही सांगता आलं नसतं. मुकादम भिंतीकडे पाठ करून सापडले. उजवा हात डोक्यावर, डाव्या हातात खुरपी. तोंडात माती गेली होती. लेकीने पदराने ती आधी काढली, मग कान साफ केले, मग पापण्या. गाडी येईपर्यंत ती तेच करत राहिली.

इस्पितळात डॉक्टरांनी फार वेळ घेतला नाही.

*

दुसऱ्या दिवशी समिती आली नाही. चौकशी अधिकारी येणार असा निरोप आला.

सकाळीच सर तंबूत आले. दाढी वाढलेली, डाव्या हाताला पट्टी. इतर मुलींनी आपापल्या पिशव्या उचलल्या आणि त्या बाहेर गेल्या.

"चार नंबरची वही कुठेय?"

तिने ती उशाखालून काढून दिली. रात्रभर ती तिथेच होती. तिला वाटलं, आता सर ते पान फाडतील. भेग दिसली, मुकादमांनी फळ्या मागितल्या, सरांनी नाही म्हटलं, हे सगळं तिने आठच्या नोंदीखाली लिहिलं होतं; जे घडतं ते लिहायचं, असं सरांनीच शिकवलं होतं. त्यांनी पान फाडलं तर आपण ओरडू, हात धरू, असं तिने मनाशी ठरवलंही होतं. किंबहुना त्यांनी ते फाडावं असंच तिला कुठेतरी वाटत होतं.

सर उभ्यानेच वाचत होते. आठची नोंद वाचताना त्यांचा जबडा आवळला. पान उलटलं. दहा. बारा. दोन. तिथे ते थांबले आणि त्यांच्या खांद्यांतून काहीतरी खाली उतरलं.

"नियमित मोजमाप," ते हळू म्हणाले. "दुर्घटनेआधी चाळीस मिनिटं, बदल नाही." त्यांनी वही मिटली आणि दोन्ही हातांनी तिच्या हातात परत दिली, एखादी नाजूक वस्तू द्यावी तशी. "सांभाळून ठेव. अधिकाऱ्यांना अशीच्या अशी दाखव. एक अक्षर बदलू नकोस."

चौकशी अधिकारी सज्जन होते. वयस्कर, बोलायला मऊ. खड्ड्याच्या काठावर जाऊन आले, बुटांची माती झटकली आणि मग वही वाचली. खिळ्यांची कल्पना त्यांना फार आवडली.

"ही नोंद तुमची?"

"हो."

"दर वेळी तुम्ही स्वतः मोजलंत?"

 सर शेजारच्या खुर्चीवर बसून जमिनीकडे पाहत होते. हो की नाही, एवढंच तर होतं.

"हो," ती म्हणाली.

"इतकी व्यवस्थित वही मी फार कमी पाहिली आहे," अधिकारी म्हणाले. "इथे सही करा. मृताला खाली उतरायला कुणी सांगितलं होतं?"

"कुणीच नाही," सर म्हणाले. "ते आपणहूनच गेले. अनुभवी माणूस, ऐकायचे नाहीत कुणाचं."

तिने सही केली.

चार दिवसांत अहवाल झाला. भेगेवर योग्य देखरेख होती, धोक्याची पूर्वसूचना मिळाली नव्हती, मृत व्यक्ती कोणालाही न विचारता स्वतःच्या जबाबदारीवर खाली उतरली. दोष कोणाचाच नव्हता, आणि जो थोडाफार होता तो मेलेल्या माणसाचा होता. शिबिर गुंडाळायला सुरुवात झाली. तंबूंच्या मेखा उपटल्या, चाळण्या धुतल्या, खापरांची खोकी गाडीत चढली. मुलं हळू आवाजात बोलत आणि तिच्याशी तर जरा जास्तच जपून बोलत. एकीने तिला मिठी मारली आणि म्हणाली, "तुझ्या वहीमुळे सर वाचले बघ."

त्या दुपारी ती सरांच्या खोलीत गेली. ते पुस्तकं खोक्यात भरत होते.

"सर, दोनची नोंद खोटी आहे. मी खाली गेले नव्हते. तंबूत बसून लिहिली."

सरांच्या हातातलं पुस्तक हातातच राहिलं. त्यांनी दार ओढून घेतलं. ते चिडतील, निदान दचकतील, असं तिला वाटलं होतं.

"मला माहीत आहे," ते म्हणाले.

तिला समजलं नाही.

"दोनच्या सुमाराला मी तुमच्या तंबूवरून गेलो. तू मेजावर होतीस. मग समोरच बसलो होतो; आवाज होईपर्यंत तू तिथून हलली नाहीस." त्यांनी पुस्तक खोक्यात नीट बसवलं. "मी काही बोललो का?"

बाहेर कुणीतरी दोर ओढत होतं; मोजून एक, दोन, तीन असा आवाज येत होता.

"तू वीस-बावीस वर्षांची आहेस. चूक झाली. माझ्याही हातून झाली, ती तू आठच्या नोंदीत लिहिलीच आहेस. पण आता हे बाहेर काढून मुकादम परत येणार आहेत का? तुझं शिक्षण जाईल, हे उत्खनन जाईल, पुढच्या दहा वर्षांच्या मुलांचं शिक्षण जाईल. झाकली मूठ झाकलेलीच राहू दे." मग आवाज आणखी खाली गेला. "मलाही झोप लागत नाही. तुला एकटीलाच नाही."

त्यांना खरंच झोप लागत नसावी. डोळ्यांखाली काळं धरलं होतं. त्यांचा राग यावा म्हणून ती तिथे काही वेळ उभी राहिली. राग आला नाही. दार उघडून ती बाहेर पडली.

*

मुकादमांचं घर उत्खननापासून अर्ध्या तासाच्या वाटेवर होतं. दोन खोल्या, पुढे पत्र्याची पडवी. पडवीत लेक बसली होती आणि बापाचे कपडे घडी करून एका गाठोड्यात ठेवत होती. पस्तिशीची बाई, चाळणीवर तिच्याइतका बारीक मणी कुणाला सापडायचा नाही. पडवीशी आलेल्या पोरीला पाहून लेक उठली नाही, पण शेजारची चटई तिने हाताने सरळ केली.

"बसा. सगळे येऊन गेले. तुम्हीच राहिला होतात."

ती बसली. काय बोलायचं ते वाटेत शंभरदा घोकलं होतं, त्यातलं एकही वाक्य आता जवळ नव्हतं.

"अहवालात काय आलंय ते वाचून दाखवलं एकाने," लेक म्हणाली. "कुणाला न विचारता उतरले म्हणे. एकतीस हंगाम माती काढली माझ्या बापाने, एका पोराला खरचटू दिलं नाही. आणि आता गावात बोलतात, म्हातारा गाफील होता, फाजील विश्वास नडला. कालच एक जण दारात उभा राहून म्हणाला, दुसऱ्याला शिकवायचे आणि स्वतःच चुकले. मी काय बोलणार? कागदावर आहे."

"ते गाफील नव्हते," ती म्हणाली. "त्यांनी विचारलं होतं. मला."

लेकीचे हात थांबले.

मग तिने सगळं सांगितलं. खिळे, पट्टी, आठ, दहा, बारा. तंबू, रेखाटन, शिडीचा कंटाळा. दारातली सावली. त्यांनी दोनदा विचारलं, हे सांगताना तिचा आवाज फुटला. तरी ते तिने सांगितलंच. रडू मात्र आलं नाही, आणि येऊ नये असंच तिला वाटत होतं.

 घडी केलेला सदरा लेकीने उलगडला, पुन्हा घडी केली.

"मोजलं असतं तर जास्त भरलं असतं?"

"माहीत नाही. भिंत अचानकही जाते कधीकधी. खिळे आत गेले. आता कधीच कळणार नाही."

"म्हणजे कदाचित अकराच भरलं असतं. आणि ते तरीही उतरलेच असते."

"कदाचित."

"मग हे घेऊन तुम्ही माझ्याकडे कशाला आलात?"

तिने बोलायला तोंड उघडलं.

"मी सांगते कशाला आलात," लेक म्हणाली. आवाज चढला नव्हता. चाळणी हलवताना बोलायची तसाच होता. "तुम्हाला हे छातीवर पेलत नाहीये. मला सांगितलं की तुम्ही हलक्या होऊन घरी जाणार. तुमचं घर लांब आहे. मी इथेच आहे. मी हे कुठे ठेवू?"

"मला माफी..."

"माफीबिफी मला नका मागू. माफी द्यायला मी मोठी नाही, आणि नाही म्हणायलाही आज माझ्यात जोर नाही. माझ्या बापाने दोनदा विचारलं, एवढंच मला धरून ठेवायचंय." तिने गाठोड्याची गाठ मारली, दातांनी ओढून घट्ट केली. "मला ऐकवून ते बदलत नाही. जिथे लिहिलंय तिथे जाऊन सांगा."

ती उठली. चटईवरून खाली पाय ठेवताना तोल गेला आणि लेकीने बसल्याबसल्याच तिचं मनगट धरून तिला सावरलं. मग लगेच सोडून दिलं.

*

विद्यार्थ्यांची गाडी सकाळी नऊला निघाली. तिची जागा रिकामी होती. मैत्रिणीने दोन फोन केले, तिने उचलले नाहीत.

चौकशीचं कार्यालय शहराच्या जुन्या भागात, तिसऱ्या मजल्यावर होतं. बाहेर लांब व्हरांडा, भिंतीला टेकून फायलींच्या चळती, त्यांच्यावर दगडाऐवजी तुटलेल्या फरश्यांचे तुकडे. खिडकीपाशी सात माणसं तिच्या पुढे होती. रांग पुढे सरकत होती तसतसा वळून जावंसं वाटण्याचा क्षण प्रत्येक माणसागणिक एकदा येत होता. तीन वेळा ती रांगेतून निघालीही. जिन्यापर्यंत गेली, परत आली, आणि प्रत्येक वेळी शेवटी उभी राहिली. दुपार झाली तेव्हा तिच्या मागे कुणीच नव्हतं.

खिडकीत एक प्रौढ कारकून होता. मान खाली घालून, समोरच्या कागदावर लिहिता लिहिताच प्रश्न विचारायची त्याला सवय होती.

"काम?"

"एक नोंद चुकीची आहे. उत्खननात भिंत पडून एक गृहस्थ गेले, त्या चौकशीतली. ती दुरुस्त करायचीय."

"नोंद दुरुस्त होत नाही. अहवाल झाला ना? मग तो उघडायला तक्रार लागते. लेखी." त्याने खणातून छापील कागद काढला. "करायचीय?"

"हो."

"नाव."

तिने नाव सांगितलं. त्याने ते सावकाश, सुंदर अक्षरात लिहिलं.

"तक्रार कोणाविरुद्ध?"

तिने पुन्हा नाव सांगितलं.

"ते अर्जदाराचं झालं, बाई. विरुद्ध कोण, ते विचारतोय."

"तेच लिहा," ती म्हणाली. "आधी तेच. आणखी एक आहे, ते त्याच्या खाली येईल."

कारकुनाचं पेन थांबलं. त्याने मान वर केली आणि तिच्याकडे पाहिलं. मग तो उठला, खिडकीशेजारचं दार आतून उघडलं आणि भिंतीजवळची खुर्ची मेजासमोर ओढली.

"आत या, बसा," तो म्हणाला. "हे उभ्याने व्हायचं नाही."